बांज, तिलोंज की खरसू? हिमालयातले ओक ओळखताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी उत्तराखंडातल्या ट्रेकहून परतलेली मंडळी मला पानांचे फोटो पाठवतात आणि खाली एकच ओळ असते: "ताई, हा कुठला ओक?" निम्म्या वेळा फोटोत पानाची फक्त वरची बाजू असते, म्हणजे नेमकी ती बाजू, जिच्यावरून काहीच कळत नाही. तीच तीच उत्तरं लिहून बोटं दुखली, म्हणून ती एकदाची इथे मांडून ठेवते आहे. यातलं बहुतेक सगळं कुमाऊँ आणि गढवालच्या जंगलांबद्दल आहे. शेवटी थोडं आपल्या घरातल्या ओकबद्दलही आहे, कारण तो असतो आणि आपल्याला पत्ता नसतो.

आधी हे सांगा, महाराष्ट्रात ओक आहेत का?

रानात नाहीत. सह्याद्रीत नाहीत, सातपुड्यात नाहीत, निलगिरीतही नाहीत. भारतीय द्वीपकल्पात एकही ओक मूळचा नाही. आपल्याकडचे नैसर्गिक ओक सगळे हिमालयात आणि ईशान्येकडच्या डोंगरांत. त्यामुळे आपण पहिल्यांदा ओकच्या जंगलात शिरतो तेव्हा मेंदूत तुलनेला काही नसतं. वड आणि पिंपळ आपण लहानपणापासून पाहतो, ओळखायला कुणी शिकवावं लागत नाही. ओकच्या बाबतीत ते वय निघून गेल्यावर शिकायला बसायचं, एवढाच काय तो त्रास.

मग आमच्या सोसायटीतला सिल्व्हर ओक?

तो ओक नाही. तो ऑस्ट्रेलियातून आलेला ग्रेव्हिलिया रोबस्टा, त्याचं कुळ पूर्ण वेगळं. चहा-कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी लावतात, मुन्नारला किंवा कुर्गला जाऊन आलेल्या प्रत्येकाने तो पाहिलेला असतो. पान नेच्यासारखं चिरलेलं, खालून चंदेरी, आणि फुलं नारिंगी-पिवळ्या ब्रशसारखी. लाकूड ओकच्या लाकडासारखं दिसतं म्हणून गोऱ्यांनी हे नाव दिलं. मुंबईतल्या एका बंगल्यामुळे ते मराठी बातम्यांत रोज येतं, तो भाग वेगळा.

तीच गत बुचाच्या झाडाची. बाटलीचं खरं बूच स्पेन-पोर्तुगालकडच्या एका ओकच्या सालीचं असतं. आपल्याकडे रात्री पांढऱ्या लांब दांड्याच्या सुगंधी फुलांचा सडा पाडणारं बुचाचं झाड म्हणजे आकाशनिंब. त्याची सालही बुचासारखी जाड आणि मऊ, म्हणून नाव चिकटलं.

समोरचं झाड ओकच आहे, हे कशावरून ठरवायचं?

फळावरून. ओकचं फळ, अ‍ॅकॉर्न, म्हणजे वाटीत बसवलेली सुपारी. एका फळात एकच बी, आणि बुडाशी खवल्यांची किंवा कड्यांची वाटी. ती वाटी दिसली की प्रश्न मिटला. झाडावर फळ नसेल तर खाली पाहा, गेल्या वर्षीच्या रिकाम्या वाट्या पाचोळ्यात हमखास सापडतात. मी तर वर बघण्याआधी खालीच बघते.

फळं नसली तर दोन गोष्टी मदतीला येतात. पानं फांदीवर एकाआड एक असतात, पण फांदीच्या टोकाशी दाटीने गोळा झालेली दिसतात. आणि एप्रिल-मेमध्ये नरफुलांचे पिवळसर तुरे लोंबत असतात, लोकरीच्या सुट्या धाग्यांसारखे. परागकण वाऱ्यावर जातात, त्यामुळे फुलात रंगाचा, वासाचा काही दिखावा नाही.

चित्रांतल्या ओकचं पान गोल गोल कातरलेलं असतं. इथे तसं काहीच दिसत नाही, असं का?

कारण ती चित्रं युरोप-अमेरिकेतल्या पानगळीच्या ओकची आहेत. जगात ओकच्या चारशेहून अधिक जाती आहेत आणि त्यातल्या बऱ्याच सदाहरित, चिवट पानांच्या आहेत. उत्तराखंडातले नेहमीचे पाचही तसेच. पान कातडीसारखं, कडेला दाते किंवा काटे, किंवा काहीच नाही. मार्च-एप्रिलमध्ये जुनी पानं गळतात, पण तोवर नवी पालवी फुटायला लागलेली असते, त्यामुळे झाड बोडकं होत नाही. बांजाची कोवळी पालवी गुलाबी-जांभळट असते. लांबून पाहिलं तर वाटतं झाडाला फुलं आलीत.

हे पाच कुठले?

बांज, रियांज, तिलोंज, खरसू, फलियांट. तिलोंजालाच गढवालात आणि हिमाचलात मोरू म्हणतात. बांजाला हिमाचलात बान म्हणतात. तुम्ही केदारकंठा, दयारा बुग्याल, चोपता-तुंगनाथ, नैनिताल, मसुरी, बिनसर यांपैकी कुठेही गेला असाल तर यांतले दोन-तीन तरी पायाखालून गेलेत.

एकच युक्ती सांगायची झाली तर?

पान उलटं करा.

वरून पाचही हिरवे, पाचही तकतकीत. खालच्या बाजूला प्रत्येकाने आपलं नाव लिहून ठेवलेलं आहे.

पांढुरकं-राखाडी, बोटाला मखमल लागावी तसं, म्हणजे बांज. वाऱ्याची झुळूक आली की सगळं झाड क्षणभर चांदीचं होतं ते यामुळेच. जाड तांबूस-पिवळट लोकर, एखाद्या जुन्या घोंगडीच्या तुकड्यासारखी, म्हणजे रियांज. दोन्ही बाजू हिरव्या, लव नाहीच, म्हणजे तिलोंज. तपकिरी, गंज चढल्यासारखं, म्हणजे खरसू. निळसर राखाडी, राख फासल्यासारखं पण लोकरीचा थर नसलेलं, आणि पानाचं टोक लांब निमुळतं, म्हणजे फलियांट.

दहातल्या आठ फोटोंचा निकाल इथेच लागतो. राहिलेल्या दोघांसाठी पुढचं सगळं पुराण.

बांज आणि रियांज मला सारखेच वाटतात. दोघांनाही खाली लव आहे!

आहे, पण लवेचा रंग पाहा आणि जाडी पाहा. बांजाची लव दाट बसलेली, कापडाला खळ दिल्यासारखी सपाट, रंग पांढऱ्याकडे. रियांजाची उभी, जाडसर आणि तांबूस. रियांजाचं पानही एकूण मोठं आणि जड असतं, शिरा खालून दोरीसारख्या उठून दिसतात. बांजाचं पान भाल्याच्या पात्यासारखं, बुडापाशी सोडलं तर कडेला करवतीचे बारीक दाते. ते टोचत नाहीत, नुसते लागतात.

फोटोत पांढरं आणि तांबूस यांची गल्लत होते, विशेषतः संध्याकाळच्या पिवळ्या उन्हात. म्हणून पान पांढऱ्या कागदावर ठेवून सावलीत फोटो काढा. कागद नसेल तर ट्रेकच्या परवानगीपत्राची मागची बाजू चालते, माझी सगळी तशीच खराब झाली आहेत.

आणखी एक: बांज सर्वत्र आहे, रियांज नाही. तुम्हाला खात्री नसेल आणि गावाजवळच्या, पंधराशे ते दोन हजार मीटरच्या जंगलात असाल, तर शंकेचा फायदा बांजाला द्या.

तिलोंज ओळखायला काय पाहायचं?

काय नाही ते पाहायचं. खाली लव नाही. पान बांजापेक्षा लहान, गुळगुळीत, दोन्हीकडून हिरवं, हातात घेतलं तर कागदी कडक. लहान झाडांवर आणि खालच्या फांद्यांवर कडेला काटे, वरच्या फांद्यांवर कडा बहुधा सरळ. झाड मात्र उंच आणि देखणं होतं. बांज गावाच्या कोयत्याखाली वाकडातिकडा, गाठाळ झालेला दिसतो, तर तिलोंज अनेकदा सरळ वर गेलेला. हे काही शास्त्रीय लक्षण नव्हे. बांज गावाजवळ असतो म्हणून जास्त छाटला जातो, इतकंच.

खरसूच्या एकाच झाडावर दोन तऱ्हेची पानं दिसली. दोन झाडं एकात मिसळली आहेत का?

नाही. हा खरसूचा नेहमीचा खेळ आहे, आणि मी त्यात चांगलीच फसलेली आहे.

माझा पहिला मोठा ट्रेक चोपत्याकडचा. वाटेत कंबरेएवढं एक झुडूप, पानांना सगळीकडून काटे, ख्रिसमस कार्डावर असतात तसे. मी ग्रुपला थांबवलं आणि आत्मविश्वासाने सांगितलं की हा होली (holly), नाताळच्या सजावटीतला. होली तिथे खरंच असतो, त्यामुळे अगदीच हवेतली गोष्ट नव्हती. मागून चाऱ्याचा भारा घेऊन एक दीदी येत होत्या. त्या थांबल्या, माझं ऐकलं, हसल्या. म्हणाल्या, "होली-वोली नहीं, खरसू है. बच्चा है अभी, इसलिए काटता है. बड़ा होगा तो सीधा हो जाएगा." मग दहा पावलांवरच्या एका मोठ्या झाडाकडे बोट केलं. त्याच्या वरच्या फांद्यांची पानं गोल टोकाची, कडा सरळ, काटा नावाला नाही. खालच्या, हाताला येणाऱ्या फांद्यांना मात्र तेच काटे. मी दोन्ही पानं उलटी केली. खाली दोन्हीकडे तोच गंजका तपकिरी रंग.

तेव्हापासून नियम असा: खरसूच्या काट्यांवर विश्वास ठेवायचा नाही, पाठीवर ठेवायचा. होलीच्या पानाची खालची बाजू गुळगुळीत हिरवी असते आणि फळं लाल, बोरांसारखी. खरसूच्या पानाचं बूड गोलसर किंवा हृदयासारखं आत वळलेलं आणि देठ इतका आखूड की पान फांदीलाच चिकटलंय असं वाटतं. सावलीतल्या कोवळ्या रोपांवर लव विरळ असते, तिथे हा देठ कामाला येतो. काटेरी तिलोंज आणि काटेरी खरसू यांची गल्लत झाली तरी देठ आणि बूड पाहा.

काटे खालीच का, याचं सरळ कारण असं की गुरं आणि जंगली जनावरं खालचीच पानं खातात. उंचावरच्या पानाला कुणाची भीती नाही.

फलियांट फार कमी लोक सांगतात. दुर्मीळ आहे का?

दुर्मीळ नाही, आपण त्याच्या घरी जात नाही. तो सखल भागातला, साधारण हजार मीटरपासून वर, ओढ्याकाठच्या ओलसर दरीतला. आपण गाडीने तो पट्टा झोपेत ओलांडतो आणि ट्रेकच्या सुरुवातीला जागे होतो, तेव्हा तो मागे राहिलेला असतो.

पण सापडला तर पाचांत सगळ्यांत सोपा हाच. पानाच्या फक्त वरच्या अर्ध्या भागात दाते, खालचा अर्धा भाग सपाट. आणि वाटी! बाकी सगळ्या ओकच्या वाटीवर माशासारखे खवले, फलियांटाच्या वाटीवर गोल कड्या, एकीवर एक, कुंभाराच्या चाकावरून उतरलेल्या बोळक्यासारख्या. ओक कुळातल्या ज्या शाखेचा हा आहे त्या सगळ्यांचीच ही खूण. जपान-चीनमध्ये हा आणि याचे भाऊबंद भरपूर आहेत.

नुसत्या उंचीवरून ओळखता येईल का?

अंदाज बांधता येतो, निकाल देता येत नाही. ढोबळमानाने बांज बाराशे ते तेवीसशे मीटर, रियांज त्याच्याच वरच्या अंगाला, तिलोंज दोन हजार ते सत्तावीसशे, आणि खरसू चोवीसशेच्या वर, पार वृक्षरेषेपर्यंत, साडेतीन हजाराच्या आसपास. पण उत्तरेकडचा गार उतार आणि दक्षिणेकडचा उन्हाचा उतार यांत दोनशे-तीनशे मीटरचा फरक सहज पडतो, आणि जिथे दोन पट्टे एकमेकांत शिरतात तिथे दोन्ही झाडं खांद्याला खांदा लावून उभी असतात.

ही उतरंड एका दिवसात पाहायची असेल तर नैनितालला नैनी शिखर चढा. तलाव सुमारे १९४० मीटरवर आहे, शिखर २६०० मीटरच्या थोडं वर. मल्लीतालकडून निघालात की आजूबाजूला बांज. हळूहळू पानांची पाठ हिरवी व्हायला लागते, तिथे तिलोंज सुरू झाला. माथ्याच्या जवळ आलात की पायाखालचा पाचोळा तपकिरी होतो, तो खरसू. मी नवीन माणसाला नेहमी हीच वाट सांगते, कारण एका हातात तीन पानं घेऊन उतरता येतं. मधे मधे देवदार आणि सुरई आहेत, पण त्यांना चुकून ओक म्हणायची सोय नाही.

फळांवरून फरक कळतो का? कधी जावं?

कळतो, आणि यात खरसूची गोष्ट सगळ्यांत मजेची आहे.

बांजाची फळं थंडीत पिकतात, डिसेंबर-जानेवारीत. नाताळच्या सुट्टीत नैनिताल-मुक्तेश्वरला गेलात तर वाटेवर दिसतील. वाटी सपाट खवल्यांची, फळ लांबट, टोकदार. तिलोंजाचं फळ पावसाळ्यात तयार होतं, अंडाकृती, जवळजवळ अर्धं वाटीत. खरसूचं मात्र गोल गरगरीत, पिकल्यावर काळं, आणि वाटी इतकी उथळ की टोपीपेक्षा टिकली म्हणावी.

हे खरसूचं फळ जुलै-ऑगस्टच्या ऐन पावसात पडतं आणि वाट बघत बसत नाही. बरेचदा झाडावर असतानाच त्याला कोंब फुटलेला असतो. कारण त्या बीमध्ये पाणी भरपूर असतं, ते वाळलं की मेलं. आपल्या तांदळाच्या किंवा चिंचोक्याच्या बीसारखं डब्यात ठेवून पुढच्या वर्षी पेरायची सोय नाही. त्यामुळे पाऊस आणि पिकणं यांची वेळ जुळणं हा त्याच्यासाठी जगण्यामरण्याचा प्रश्न आहे. पाऊस लांबला की कोंब आलेली बी उन्हात सुकते.

त्यात अस्वल, लंगूर, उडत्या खारी, निळ्या पंखांचे 'जे' (jay) नावाचे पक्षी, सगळ्यांचा यावर डोळा. मोठ्या खरसूच्या जंगलात म्हातारी झाडं पुष्कळ आणि रोपं मोजकी असं चित्र दिसतं त्यात या सगळ्यांचा, शिवाय चराईचा आणि पानं छाटण्याचा हात आहे.

आम्ही पान घरी आणलंय, वाळलंय. आता ओळखता येईल?

बहुतेक वेळा येईल, कारण लव वाळल्यावरही टिकते. खालची बाजू, कडेचे दाते, देठाची लांबी, एवढं पुरतं. पण एकच पान पाठवू नका. ओकच्या एका झाडाची दहा पानं दहा तऱ्हेची असू शकतात. वरचं एक, खालचं एक, दोन्ही बाजूंचे फोटो, फळ किंवा वाटी असेल तर ती, आणि जागा व उंची. मोबाइलमध्ये उंची दिसतेच. एवढं दिलंत की माझं काम दोन मिनिटांचं.

फांदी मात्र तोडू नका. खाली पडलेलं हवं तेवढं मिळतं. शिवाय तुम्ही ज्याला जंगल समजता ते बरेचदा कुणाच्या तरी गावाच्या वनपंचायतीचं असतं आणि कुठली फांदी कधी छाटायची याचे त्यांचे नियम असतात.

मोबाइलवरच्या अ‍ॅपने ओळखलं तर?

बघा, पण शेवटचा शब्द त्याला देऊ नका. या अ‍ॅप्सनी शिकताना पाहिलेले फोटो मुख्यतः युरोप-अमेरिकेतले असतात. माझ्याकडच्या एकाने स्वच्छ बांजाला भूमध्य समुद्राकाठचा होल्म ओक ठरवलं, कारण त्याची पाठही पांढुरकी असते. मुक्तेश्वरच्या चहाच्या टपरीमागे होल्म ओक कोण लावणार? उत्तर आलं की आधी ते झाड त्या जागी असणं शक्य आहे का ते विचारा.

पुस्तकांत शास्त्रीय नावं वेगवेगळी दिसतात. कुठलं खरं?

जुन्या वनखात्याच्या पुस्तकांत बांज म्हणजे क्वेर्कस इन्काना. पुढे ते क्वेर्कस ल्यूकोट्रायकोफोरा झालं, ज्याचा अर्थच पांढरे केस बाळगणारा, म्हणजे पुन्हा पानाची पाठ. आता काही याद्यांत ऑब्लाँगाटा हे नाव पुढे केलेलं आहे. तिलोंज जुन्या लिखाणात डायलाटाटा, आता फ्लोरिबंडा. खरसू सेमिकार्पिफोलिया, फलियांट ग्लाउका, रियांज लॅनाटा, म्हणजे लोकरीचा. नावं बदलली तरी झाड तेच, त्यामुळे जुनं पुस्तक फेकू नका, फक्त मार्जिनमध्ये नवं नाव लिहून ठेवा.

मला स्वतःला स्थानिक नावं जास्त भरवशाची वाटतात. ती दोनशे वर्षांत बदललेली नाहीत.

गावातल्या बायका लांबूनच कसं ओळखतात?

कारण त्यांना नाव नको असतं, चारा हवा असतो. बांजाची पानं गुरांना, पाचोळा गोठ्यात आणि मग शेतात खत म्हणून, लाकूड चुलीला, कठीण असल्याने नांगराला आणि अवजारांच्या दांड्यांना. ज्या झाडावर रोज चढावं लागतं ते झाड पाठ होतं. आपल्याकडे कोकणात आंब्याची कलमं लांबून ओळखणारी माणसं आहेतच की.

बांजाच्या जंगलात पाण्याचे झरे टिकतात आणि चिर पाइनच्या जंगलात आटतात, हेही त्या ठामपणे सांगतात. बांजाखालची जमीन पाहिली तर पटतं: पाचोळ्याचा मऊ ओला थर, खोडांवर शेवाळ आणि नेचे. चिरखाली मात्र सुयांची घसरडी चटई, जी उन्हाळ्यात काडीसरशी पेटते. १९२१ साली इंग्रजांच्या जंगल धोरणाविरुद्ध कुमाऊँमधले लोक उठले तेव्हा सरकारने राळ-लाकडासाठी राखलेली चिरची जंगलं त्यांनी पेटवली, बांजाला शक्यतो झळ लागू दिली नाही. ओळख अशी असते.

लंडनला मुलाकडे चाललोय. तिथले ओक कसे ओळखायचे?

तिथे मुख्य दोन, आणि फरक देठांचा आहे. इंग्लिश ओकमध्ये फळ लांब दांडीवर लोंबतं आणि पानाला देठ जवळजवळ नाहीच, बुडाशी कानाच्या पाळीसारखे दोन छोटे भाग. सेसाइल ओकमध्ये बरोब्बर उलट: पानाला देठ, फळ फांदीला चिकटून. दोघांचा संकर सर्रास होतो, त्यामुळे मधलंच काहीतरी दिसलं तर स्वतःला दोष देऊ नका.

अमेरिकेत गेलात तर पानाच्या पाकळ्यांची टोकं पाहा. गोल असतील तर व्हाइट ओकचा गट, टोकाला केसासारखी बारीक काडी असेल तर रेड ओकचा गट. पहिल्याची फळं त्याच वर्षी पिकतात, दुसऱ्याची दुसऱ्या वर्षी. रेड ओकच्या लाकडातल्या नळ्या मोकळ्या असतात, व्हाइट ओकच्या आतून बुजलेल्या. म्हणून व्हिस्की-वाइनची पिंपं व्हाइट ओकच्या गटातल्या लाकडाची. नाशिककडच्या वाइनरीत फिरायला गेलात तर तळघरात जी पिंपं दाखवतात ती अशीच, बाहेरून आणलेली.

मगाशी म्हणालात ओक आपल्या घरात असतो. तो कुठे?

पहिला, बाळगुटीच्या डबीत. मायफळ उगाळलंय ना कधी? ते फळ नाहीच. तुर्कस्तान-इराणकडच्या एका बुटक्या ओकच्या कळीत एक बारीक गांधीलमाशी अंडं घालते, आणि झाड त्या अळीभोवती कठीण गोळा तयार करतं. तो गोळा म्हणजे मायफळ, हिंदीत माजूफल. भोक असेल तर माशी उडून गेली, भोक नसेल तर आतच राहिली. जुने काष्ठौषधीवाले बिनभोकाचं जड मायफळ वेगळं काढून ठेवतात, कारण त्यात तुरट द्रव्य जास्त. याच तुरटपणात लोखंडाचं मीठ मिसळून युरोपात शतकानुशतकं काळी शाई केली. आणि हो, जायफळाचा याच्याशी यमकापलीकडे काही संबंध नाही. बाळाला द्यायचं की नाही ते मात्र तुमच्या डॉक्टरांना विचारा.

दुसरा, गोड्या मसाल्यात. दगडफूल दगडावरच उगवतं असं नाही. मसाल्याच्या बाजारात येणारा बराच माल उत्तराखंडातल्या ओकच्या खोडा-फांद्यांवरून खरवडलेला असतो, तिथे त्याला झूला म्हणतात. पुढच्या वेळी भाजताना नीट पाहा, कधी कधी सालीचा बारीक तुकडा मागे चिकटलेला सापडतो. मला एकदा सापडला. कुठल्या ओकची साल होती ते मात्र ओळखता आलं नाही, पान नव्हतं ना.

टसर रेशीमही ओकवर होतं म्हणे?

एक प्रकारचं होतं. मणिपूरमध्ये आणि उत्तराखंडात ओकच्या पानांवर ओक टसरचे किडे पोसतात. आपल्या विदर्भातला, भंडारा-गडचिरोलीचा कोसा ऐन आणि अर्जुनावरचा, त्याचा किडा वेगळ्या जातीचा.

बांजाची फळं आणली आहेत. पुण्यात लावली तर येतील का?

पिशवीत सुकली नसतील तर उगवतील. पुढे एप्रिल येईल. मी दोनदा लावली, दोन्ही वेळा रोपाने पावसाळा-थंडी बरी काढली आणि उन्हाळ्यात, दिवसातून दोनदा पाणी घालूनही, कडा करपत करपत मान टाकली. मूळ लांब जातं, कुंडी त्याला पुरत नाही, आणि रात्रीही गार न होणारी हवा मानवत नाही. महाबळेश्वरात हौस करून बघायची तर बघा, पण जंगलातून मूठमूठ बी उचलून आणू नका. तिथे त्यातल्या दर बीला दहा गिऱ्हाइकं आधीच आहेत.

ओक आडनावाचा या झाडाशी काही संबंध?

हा प्रश्न दरवर्षी येतो आणि दरवर्षी एखाद्या ओकांकडूनच येतो. नाही. आडनाव कोकणातलं, आणि कोकणात हे झाड कधी नव्हतंच.